घराण्याचा जमाखर्च

कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार एम. ए. च्या अभ्यासक्रमात नाही, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांचे भाग्यच म्हणायचे. असता, तर विद्यार्थ्यांनी पहिल्याच तासाला विचारले असते, "सर, यात खलनायक कोण?" आणि मला निरुत्तर व्हावे लागले असते. कारण कुलवृत्तांतात खलनायक नसतो. सगळे पूर्वज दानशूर असतात, सगळ्या आज्या सुगृहिणी असतात, आणि ज्यांच्याविषयी सांगण्यासारखे काहीच सापडत नाही ते 'मितभाषी व देवभक्त' असतात.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढण्याचे गेल्या वर्षी ठरले, आणि घरात एकच मराठीचा मास्तर असल्यामुळे संपादनाचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. मंडळाचे अध्यक्ष आमचे भाऊकाका. वय एक्याऐंशी, सरकारी हिशेब तपासणीच्या खात्यात सारी नोकरी झालेली. चहाच्या बिलाचीही बेरीज दोनदा, वरून खाली आणि खालून वर, केल्याशिवाय ते खिशात हात घालत नाहीत. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे बैठक. काकू पोहे करीत, आम्ही पूर्वज तपासत असू.

पहिल्या आवृत्तीत आमच्या पणजोबांवर दीड पान आहे. ते साताऱ्याला वकील होते. त्यांच्या वर्णनात एक वाक्य आहे : 'वकिलीच्या खोलीत त्यांनी ग्लॅडस्टनसाहेबांची तसबीर लावली होती व तिच्याकडे बोट दाखवून ते मुलांना सचोटीचे धडे देत.' ही तसबीर मी लहानपणी पाहिली आहे. पांढरे कल्ले, करारी जिवणी, आणि कपाळावर आठ्यांचे जाळे. आम्हां मुलांना तो कोणीतरी कडक इंग्रज हेडमास्तर वाटे.

भाऊकाका म्हणाले, "आजच्या मुलांना ग्लॅडस्टन ठाऊक नाही. खाली एक टीप दे. चार ओळी पुरेत."

त्या चार ओळींनी माझे चार महिने खाल्ले. आज या सदरात तीच हकिगत सांगणार आहे.

टिपेच्या पहिल्या दोन ओळी सोप्या होत्या. विल्यम यूअर्ट ग्लॅडस्टन, जन्म १८०९, मृत्यू १८९८. चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान. त्याच्याच सरकारने १८८० साली लॉर्ड रिपनला व्हाइसरॉय करून हिंदुस्थानात पाठवले, आणि १८८२ च्या रिपनच्या ठरावाने आपल्याकडच्या स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. १८८६ साली त्याने आयर्लंडला स्वराज्य द्यावे म्हणून पार्लमेंटात बिल आणले आणि त्यापायी सत्ता घालवली. आमच्या पणजोबांच्या पिढीला इंग्रजांतला सज्जन म्हणून हाच माणूस दिसला, तर त्यात नवल नव्हते.

तिसऱ्या ओळीसाठी मी सहज पाहिले, की याचा बाप कोण. कुलवृत्तांताची सवय! माणूस दिसला की आम्ही आधी बाप विचारतो.

बापाचे नाव जॉन ग्लॅडस्टन. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात १७६४ साली एका धान्यव्यापाऱ्याच्या पोटी जन्मला, पुढे लिव्हरपूलला जाऊन गडगंज झाला. घराण्याचे मूळ आडनाव 'ग्लॅडस्टन्स'. शेवटचा 'स' या गृहस्थाने काढून टाकला. इथवर वाचून मला बरे वाटले. आडनाव बदललेला एक तरी पूर्वज प्रत्येक कुलवृत्तांतात असतोच. पण पैसा कुठून आला? धान्य, कापूस, हिंदुस्थानशी व्यापार, हे सगळे होतेच. पण मोठा वाटा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डेमरारातल्या उसाच्या मळ्यांचा होता. आज हा भाग गयाना या स्वतंत्र देशात मोडतो. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत हल्ली तपकिरी जाड दाण्याची साखर मिळते, तिच्या पाकिटावर 'डेमरारा' असे लिहिलेले असते. तेच हे नाव. त्या मळ्यांवर राबणारी माणसे आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम होती, किंवा तशा गुलामांच्या पोटी तिथेच जन्मलेली. स्वतः जॉनसाहेब त्या मळ्यांवर आयुष्यात कधी गेला नाही. लिव्हरपूलला बसून तो पत्रे लिही आणि हिशेब पाही.

आता एखाद्याच्या बापाने गुलाम बाळगले हे दोनशे वर्षांनी सिद्ध करायचे कसे? घरची मंडळी तर 'दानशूर' असेच लिहून ठेवणार. इथे सरकारी कागद कामाला येतात, आणि ते इतके चोख आहेत की आमच्या भाऊकाकांनी खात्यात असताना त्यांना शेरा मारला नसता.

गोष्ट अशी. १८०७ साली इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला. गुलामगिरी नव्हे, नुसता व्यापार. मग चोरून नवे गुलाम आणले जाऊ नयेत म्हणून वसाहतींत गुलामांच्या नोंदवह्या ठेवणे भाग पडले. ठरावीक वर्षांनी प्रत्येक मालकाने यादी भरून द्यायची : नाव, वय, जन्म आफ्रिकेतला की वसाहतीतला, काम कोणते. मागच्या यादीनंतर कोण जन्मले, कोण मेले, कोण विकले. या वह्यांच्या प्रती लंडनला जात. आज त्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत.

मग १८३३ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी संपली असे जाहीर झाले. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. माझ्या एका विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चला, गुलामांना निदान काही तरी मिळालं." मी म्हटले, "बाई, भरपाई गुलामांना नव्हती. मालकांना होती. त्यांची मालमत्ता गेली ना!" गुलामांच्या वाट्याला त्यातली एक पैही आली नाही. उलट 'शिकाऊ उमेदवार' या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे, १८३८ पर्यंत, त्याच मालकांकडे राबावे लागले. ही रक्कम त्या वेळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती. तिच्यासाठी कर्ज काढावे लागले, आणि त्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली.

पण पैसे हवे असतील तर अर्ज करायला हवा. अर्जात लिहायला हवे, की माझ्याकडे इतके गुलाम आहेत. आणि नुसता आकडा चालत नसे. प्रतवारी द्यावी लागे. मुकादम किती, कसबी कारागीर किती, शेतावरचे मजूर किती, घरकामाचे किती, सहा वर्षांखालची मुले किती, म्हातारे, आजारी आणि निरुपयोगी किती. प्रत्येक वर्गाला वेगळा दर. पैशाच्या ओढीने सेहेचाळीस हजारांवर दावे दाखल झाले. त्यांत उमराव होते, पाद्री होते, दोनतीन गुलामांच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या विधवाही होत्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या इतिहासकारांनी या दाव्यांचे कागद एकेक करून वाचले, आणि २०१३ साली त्यांची सूची सर्वांसाठी खुली केली. कोणीही आडनाव घालावे आणि पाहावे. ज्या घराण्यांनी आपल्या बखरींतून ही गोष्ट गाळली होती, त्यांच्याच पूर्वजाच्या सहीचा अर्ज समोर येऊन उभा राहतो.

मी घरबसल्या ते आडनाव घातले. जॉन ग्लॅडस्टन : गुलाम २,५०८. भरपाई १,०६,७६९ पौंड. कागद ओढून भागाकार केला. माणशी साधारण साडेबेचाळीस पौंड.

त्यांच्या मळ्यांची नावे फार सुंदर आहेत. एकाचे नाव 'सक्सेस', म्हणजे यश. दुसऱ्याचे डच नाव 'व्रीड-एन-होप', म्हणजे शांती आणि आशा. १८ ऑगस्ट १८२३ रोजी डेमरारात दहा हजारांवर गुलामांनी उठाव केला, त्याची ठिणगी या 'यशा'वरच पडली. क्वामिना नावाचा एक वयस्कर सुतार आणि पिंपे बनवणारा त्याचा मुलगा जॅक हे त्यातले प्रमुख. क्वामिना रक्तपाताच्या विरुद्ध होता. उठाव थोड्याच दिवसांत मोडला आणि शेकडो गुलाम मारले गेले. क्वामिनाला गोळी घालून त्याचे प्रेत त्याच मळ्यासमोर साखळदंडांत टांगून ठेवले. जॅकला हद्दपार केले.

या जॅकचे इतिहासात नोंदलेले संपूर्ण नाव वाचून मी थबकलो. जॅक ग्लॅडस्टन. मालकाचे आडनाव गुलामाला लागे. म्हणजे त्या काळी एकाच आडनावाचे दोन तरुण जगात होते. एक विल्यम, ईटनच्या शाळेत लॅटिन शिकत होता. दुसरा जॅक, त्याच्या बापाच्या मळ्यावर पिंपांना कड्या ठोकत होता. एका वंशावळीत पहिल्याचे नाव सोन्याच्या अक्षरांनी आहे. दुसऱ्याचे त्या वंशावळीत नाही. ते नोंदवहीत आहे, आणि खटल्याच्या कागदांत आहे.

विल्यम १८३२ साली निवडून आला. पुढल्या वर्षी लॉर्ड हॉविकने पार्लमेंटात व्रीड-एन-होपचे आकडे वाचून दाखवले, की या मळ्यावर साखर वाढत गेली आणि गुलाम कमी होत गेले. माणसे कामाने मरताहेत. ३ जून १८३३ रोजी विल्यमने सभागृहात पहिले महत्त्वाचे भाषण केले ते बापाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा बचाव करायला. आमच्या पणजोबांच्या सचोटीच्या तसबिरीचे पहिले भाषण ते हे!

इथेच थांबलो असतो तर टीप झाली असती. पण पुढचा कागद कलकत्त्याला जात होता.

गुलाम सुटणार, मग ऊस कोण तोडणार? मॉरिशसच्या मळेवाल्यांनी १८३४ पासून कलकत्त्याहून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली होती. ते ऐकून जानेवारी १८३६ मध्ये जॉन ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून आपल्या मळ्यांसाठी मजूर मागवले. मालाची मागणी नोंदवावी तसे ते पत्र आहे. जानेवारी १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही दोन जहाजे कलकत्त्याहून निघाली. त्यांवर ४१४ माणसे होती. पुष्कळशी छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली. ५ मे १८३८ रोजी ती गयानाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा ३९६ उरली होती. करार पाच वर्षांचा होता. वर्षाच्या आतच फटके मारल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशी झाली, आणि काही वर्षे मजूर पाठवणे बंद ठेवावे लागले. त्या पहिल्या ३९६ पैकी शंभराच्या आसपास माणसे तिथेच मेली. पण वाट पडली ती पडलीच. १९१७ पर्यंत गयानात गेलेल्या हिंदी मजुरांचा आकडा सुमारे २ लाख ३९ हजार भरतो. मॉरिशसला मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तिथे गणपती बसवतात, आणि आपले मूळ गाव शोधायला मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या नोंदवह्या उलटतात. मालकाचे वंशज आणि मजुराचे वंशज, दोघांनाही शेवटी त्याच दप्तरात जावे लागते. फरक एवढाच, की एकजण तिथे नाव सापडू नये म्हणून मनात प्रार्थना करीत जातो, आणि दुसरा सापडावे म्हणून.

ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टन घराण्यातली काही मंडळी गयानाला गेली. पंतप्रधान ग्लॅडस्टनचे खापरपणतू चार्ली ग्लॅडस्टन त्यांत होते. आपल्या घराण्याने बाळगलेल्या गुलामांबद्दल आणि करारावर नेलेल्या हिंदी मजुरांबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली, आणि त्या विषयाच्या अभ्यासासाठी गयाना विद्यापीठाला एक लाख पौंड देऊ केले. काहींनी त्यांचे कौतुक केले. काहींनी सभागृहात निषेधाचे फलक धरले. एक लाख पौंड आणि २,५०८ माणसे यांचा हिशेब कसा जुळणार, हा प्रश्न फलक धरणाऱ्यांचा होता, आणि तो चुकीचा होता असे मला वाटत नाही.

मी हे सारे रविवारच्या बैठकीत सांगितले. भाऊकाकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "म्हणजे तसबीर उतरवायची म्हणतोस?"

"तसबीर असू द्या. टिपेत बापाचं नाव घालू."

"घाल," ते म्हणाले. "परक्याचं उणं छापायला काय जातं आपलं? आपल्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे मात्र देवाचे उपकार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण पिशवीत एक कागद होता.

या कागदाचे मूळ १८३३ च्या त्या कायद्यातच आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता, हे वाचले तेव्हा मी चमकलो होतो. १८१८ पासून आपला मुलूख कंपनीकडेच होता. म्हणजे इथे वगळण्यासारखे काही होते तर! इथल्या न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानू नये असा कायदा व्हायला १८४३ साल उजाडले, आणि गुलाम विकणे-घेणे हा फौजदारी गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली.

पेशवाईचे कागद चाळणाऱ्यांना यात नवे काही नाही. 'कुणबीण' हा शब्द त्या कागदांत पावलोपावली येतो. त्याचा कुणबी जातीच्या बाईशी संबंध लावायचा नाही. पेशवाईच्या दप्तरात कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी, बटीक. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली, स्वारीत धरून आणलेल्या बाया, बदकर्माचा ठपका ठेवून सरकारने दासी केलेल्या स्त्रिया. त्यांच्या खरेदीचे कागद आहेत, पळून गेल्याचे आहेत, म्हातारपणी सोडून दिल्याचेही आहेत. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या रोजनिशीच्या उताऱ्यांत हे सारे छापून फार वर्षे झाली. मी स्वतः ते वाचले होते. पण आपण इतिहास वाचतो तो नेहमी दुसऱ्याच्या घरचा म्हणून.

माझ्या पिशवीतला कागद आमच्या घरच्या रुमालातला होता. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत आमच्या दोघा पूर्वज-बंधूंची वाटणी झाली, तिचे हे वाटणीपत्र. पहिल्या आवृत्तीत त्याचा मराठीत उतारा दिला आहे. दुसऱ्या आवृत्तीत मूळ मोडीवरून तो पुन्हा तपासून घ्यावा, एवढ्याच हेतूने मी तो वाचायला घेतला होता.

मी भाऊकाकांना म्हटले, "पहिल्या आवृत्तीतली थोरल्या भावाची यादी वाचता का?"

त्यांनी वाचली. तांब्यापितळेची भांडी ११२. सोने व रोकड १८५. बैल दोन ३८. गाय एक १२. म्हैस एक १८. किरकोळ ५०. एकूण रुपये ४१५.

"धाकट्याचे?"

"तेही ४१५. चोख वाटणी."

"भाऊकाका, पुढे पाहा. धाकट्याच्या यादीत पळ्यासुद्धा मोजल्यात. जातं आहे, उखळ आहे, फुटकी परात वेगळी लिहिलीय. आणि थोरल्याच्या यादीत पन्नास रुपये 'किरकोळ'?"

भाऊकाका गप्प झाले. पन्नास वर्षे हिशेब तपासलेल्या माणसाला यापुढे सांगावे लागत नाही. ते हळूच म्हणाले, "दोन बैलांचे अडतीस. आणि किरकोळ पन्नास." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हात पुढे केला. "मूळ बघू."

मोडी त्यांना येत नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवून वाचले : 'कुणबीण आसामी १, रुपये ५०.'

काही वेळ कोणी बोलले नाही. मग सगळेच बोलू लागले. एक चुलतभाऊ म्हणाला, त्या काळी सगळ्यांकडे असत. दुसरा म्हणाला, आपल्याकडे त्यांना घरच्यासारखे वागवीत, अमेरिकेसारखे नाही. तिसरा म्हणाला, पाडव्याला प्रकाशन ठरले आहे, ऐन सणात हे अभद्र कशाला? ज्या आजोबांनी पहिली आवृत्ती संपादली त्यांनी मोठ्या विचाराने 'किरकोळ' लिहिले असेल, त्यांच्यापेक्षा आपण शहाणे का?

या सगळ्यांत थोडे थोडे खरे होते, म्हणून उत्तर देणे अवघड होते. डेमरारातले उसाचे मळे आणि आमच्या वाड्याचे माजघर ही एक नव्हेत, हे मलाही कळते. पण घरच्यासारखे वागवलेल्या माणसाची वाटणी होत नाही. आमच्या घरात त्या वाटणीत आई होती, एक विधवा बहीण होती. त्यांची किंमत कोणी मांडली नाही. मांडली ती गाईची, म्हशीची आणि हिची.

इतक्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा गावच्या वाड्यात मागल्या पडवीला एक खोली होती. सासूबाई तिला 'बटकीची खोली' म्हणायच्या. आम्ही तिथं गोवऱ्या ठेवायचो."

मला एकदम ती खोली आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत लपाछपी खेळताना मी तिथे कितीदा तरी लपलो होतो. तिला खिडकी नव्हती, म्हणून लपायला ती उत्तम होती.

त्या रविवारी निर्णय झाला नाही. पोहे तसेच राहिले. पुढच्या रविवारीही झाला नाही. मंडळात दोन तट पडले, आणि मी घराण्याच्या नावाला काळिमा फासायला निघालो आहे असे एका वहिनींनी माझ्या पत्नीला फोन करून सांगितले. मलाही रात्री झोप येईना. मी काय मिळवणार होतो? त्या बाईला त्यातून काय मिळणार होते? ग्लॅडस्टनच्या मंडळींना क्षमा मागायला समोर माणसे तरी होती. आमच्यासमोर कोण? डेमरारातल्या वहीत निदान नाव लिहावे लागे. आमच्या कागदात नाव नाही, गाव नाही, वय नाही. आसामी १.

तिसऱ्या रविवारी मी गेलो तो माघार घ्यायच्याच तयारीने. 'किरकोळ' राहू द्यावे, मूळ कागद इतिहास संशोधक मंडळात ठेवावा, ज्याला वाचायचा तो वाचील, असे सांगायचे मी ठरवले होते.

भाऊकाका टेबलाशी बसले होते. समोर छपाईची मुद्रिते आणि हातात लाल पेन्सिल. त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही.

"मी रात्री ती बेरीज तीन वेळा केली," ते म्हणाले. "ती ओळ काढली तर थोरल्याचे तीनशे पासष्ट राहतात. वाटणी जुळत नाही. ती बाई धरली तरच आपल्या घराण्याचा हिशेब जुळतो." मग थोड्या वेळाने, "नोकरीत मी लोकांच्या वह्यांत जिथं जिथं 'किरकोळ' दिसलं, तिथं तिथं खूण केली. कारण किरकोळीतच लपवलेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक. आणि हे पुस्तक माझ्या कपाटात इतकी वर्षं आहे. मी आपल्याच वहीवर कधी खूण केली नाही."

मुद्रितावर 'किरकोळ' हा शब्द त्यांनी लाल पेन्सिलीने खोडला होता आणि वर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले होते : 'कुणबीण आसामी १.' खाली टिपेसाठी त्यांनी एकच वाक्य घातले होते : 'नाव नोंदलेले नाही.'

"या टिपेला चार ओळी नकोत?" मी विचारले.

"काय लिहिणार आहेस चार ओळींत?" ते म्हणाले. "ठाऊक आहे का तुला काही?"

मला काही ठाऊक नव्हते. ती कुठून आली, तिला मुले झाली का, झाली असतील तर ती कोणाची आणि त्यांचे वंशज आज कोणते आडनाव लावतात, यातले काही आमच्या सतरा पानी वंशावळीत नाही. टीप त्यांनी लिहिली तेवढीच राहिली. मंडळातल्या दोघांनी प्रकाशनाला येणार नसल्याचे कळवले आहे. बाकीचे येणार आहेत. ग्लॅडस्टनची टीप मात्र चारांची नऊ ओळी झाली, आणि भाऊकाकांनी तिला हरकत घेतली नाही.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली आली असेल. तीत जुने कागद असतील तर जुन्यावाल्याला देऊ नका. सवड काढून कोणा जाणकाराकडून वाचून घ्या. सनदा, इनामे, मानपान यांच्या ओळी सापडतील, त्यांचा आनंद जरूर माना. त्या मिळवणारेही आपलेच होते. फक्त जमाखर्चाच्या यादीत कुठे 'किरकोळ' दिसले, तर तिथे जरा थांबा, आणि बेरीज एकदा वरून खाली व एकदा खालून वर करून पाहा.